निबंधातील आधार आणि जोडशब्द

गतवर्षी जुलै महिन्यात आमच्या वसतिगृहातील नववीच्या विद्यार्थ्यांस आम्ही मिरकरवाडा बंदरावर नेले व परत आल्यावर 'पावसाळ्यातील मासेमारी बंदी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. वह्यांत माहिती उदंड होती. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ होय. सारे बरोबर. परंतु वाक्ये टोपलीत ओतलेल्या मासळीप्रमाणे एकमेकांवर पडली होती आणि त्यांच्यामध्ये पुनःपुन्हा एकच शब्द होता: 'तसेच'.

'तसेच' हा शब्द वाईट नव्हे, पण तो केवळ भर घालतो. दोन विधानांचे परस्परांशी नाते काय, हे तो सांगत नाही. बंदी आणि प्रजननकाळ यांच्यामध्ये 'कारण' हवे होते. ते नाते लेखकालाच उमगले नसेल, तर 'तसेच' त्याची अडचण झाकतो. म्हणून जोडशब्द हा भाषेचा अलंकार आहे, असे आम्ही मानीत नाही. तो विचाराची कबुली आहे.

हे कसे करावे याचा उत्तम वस्तुपाठ आमच्या ग्रंथालयात आहे, आणि त्याच्या लेखकाचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. आरंभी त्यांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या मांडल्या. साधारण विद्यार्थी येथेच थांबतो. चार अवतरणे झाली की त्याचा निबंध 'अभ्यासपूर्ण' झालेला असतो! बाबासाहेबांचे काम मात्र येथून सुरू होते. सेनार्ट विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. ती जातीचा गाभा नव्हे, हे ते दाखवितात. नेसफिल्ड रोटीबंदी सांगतात. तेथे परिणामालाच कारण मानले गेले आहे, असा त्यांचा आक्षेप. रिस्ले यांनी नवे काही सांगितले नाही, म्हणून त्यांना एका वाक्यात निरोप. केतकरांना ते अधिक मान देतात, कारण केतकरांनी जातीकडे सुटे एकक म्हणून न पाहता जातिव्यवस्थेतील घटक म्हणून पाहिले. तथापि केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जातीबाहेर विवाहास मनाई आणि जन्मावर ठरणारे सदस्यत्व, ही दोन नसून एकच आहेत, अशी दुरुस्तीही ते करतात. प्रत्येक आधाराला त्याच्या योग्यतेइतकीच जागा मिळाली आहे आणि त्या आधारांतूनच लेखकाचे स्वतःचे मत उभे राहिले आहे.

आता बंदराकडे परत येऊ. एका विद्यार्थिनीने टिपणात लिहून घेतलेली गोष्ट निबंधातून गाळली होती. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने तिला सांगितले होते की, बंदी तारखेने उठते, पण ऑगस्टच्या आरंभी दर्या खवळलेला असला तर नौका नांगरूनच राहतात. का गाळलेस, असे विचारता ती म्हणाली, हे कोणत्या पुस्तकात नाही. हे उत्तर ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या बहुतेक मुलांच्या आजी-आजोबांचे ज्ञान कोणत्याच पुस्तकात नाही.

तांडेलाचे म्हणणे कायद्याला खोडून काढीत नाही; कायद्याची मर्यादा दाखविते. म्हणून येथे 'उलट' चालणार नाही, 'मात्र' हवा. 'परंतु' वाक्याच्या आरंभी बसतो. 'मात्र' ज्या शब्दाला वेगळा काढावयाचा त्याच्या पाठोपाठ येतो. 'दर्या मात्र तारीख पाळीत नाही' असे लिहिले की जोर नेमका दर्यावर पडतो.

अधिक जपावयाचा शब्द 'म्हणून'. एका वहीत होते: 'बंदी असते, म्हणून मासे वाढतात.' मुलांनी वाचलेल्या आधारात एवढेच होते की, मासे वाढावेत या हेतूने बंदी घातली जाते. हेतू आणि सिद्ध झालेला परिणाम यांतील अंतर त्या एका शब्दाने गिळून टाकले. हीच काळजी क्रियापदांची. 'मानतात', 'सुचवितात', 'दाखवून देतात' यांपैकी काय लिहावे, हे मूळ लेखकाने पुरावा किती दिला यावर ठरवावे.

त्या विद्यार्थिनीची शेवटची शंका अशी: तांडेलाचा आधार लिहावा कसा? पानाचा क्रमांक नाही, प्रकाशक नाही. आम्ही तिला सुत्तपिटक उघडून दाखविले. तेथे कितीतरी सुत्ते 'असे मी ऐकले' या अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात आणि लगेच भगवान त्या वेळी कोठे विहरत होते ते सांगतात. तिने वही घेतली आणि नव्या परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहिले: मिरकरवाडा बंदरावर, जुलै महिन्यात, जाळे दुरुस्त करीत असलेल्या एका वृद्ध तांडेलाकडून मी असे ऐकले की...