इंजिन उघडण्याआधी व्हॉल्व्ह काढून बघा

टॅपेट कव्हरच्या कडेनं ऑइल झिरपलं की पॅकिंग गेलं, हे गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं पॅकिंग असंच बदललं गेलं. शहादा-नंदुरबार सपाट रस्त्याला सगळं ठीक चाललं. मग तोरणमाळला निघालो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढायला लागली आणि आत जळक्या ऑइलचा वास भरला. वर पोचून बॉनेट उघडलं, तर नवं पॅकिंग ओलं आणि डिपस्टिक जागेवरून बोटभर वर उचललेली. परतल्यावर निकाल मिळाला: "भाऊ, रिंगा गेल्या, इंजिन काढावं लागेल."

पॅकिंग नुसतं खराब असेल तर ऑइल खाली ओघळेल. डिपस्टिकला वर कोण ढकलणार? आतला दाब. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा जळका वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. पूर्वी तो एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सोय गाड्यांना आली. ते काम करतो पीसीव्ही व्हॉल्व्ह: अंगठ्याएवढी वस्तू, आत स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या, एक तोंड टॅपेट कव्हरमध्ये, दुसरं रबरी नळीनं इनटेक मॅनिफोल्डला. हा तुंबला की वायू कोंडतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल घेऊन बाहेर पडतो. चढावर इंजिनावर ताण जास्त, म्हणून वायूही जास्त. सपाटीला झाकलेलं दुखणं हजार मीटरहून उंच तोरणमाळच्या वाटेवर उघडं पडलं ते यामुळेच.

व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर उलटा प्रकार. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, मॅनिफोल्डमधली ओढ वाढते, ऑइल आत खेचलं जातं, आणि खाली येऊन रेस दिली की मागून निळा धूर. उभ्या गाडीची रेस वरखाली होते, ऑइल कमी होतं, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. धूर पाहून रिंगांवर आळ घेणं इथं फार सोपं.

तपासायला अवजारही लागत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बाह्या वर सारलेल्या, हात पंखा-बेल्टपासून दूर. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर वहीचा कागद ठेवा. काही क्षणांत तो हलकासा आत ओढला जायला हवा. माझ्या गाडीत तो फडफडून उडाला. मग नळीसकट व्हॉल्व्ह कव्हरमधून उपसून खालच्या तोंडावर बोट धरा; बोट ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं, तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा नळी. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा: खुळखुळला नाही तर बाद. खुळखुळला म्हणजे शाबूत, असं मात्र नाही. आतली स्प्रिंग मेलेली असू शकते.

माझा व्हॉल्व्ह मुका निघाला, आणि नळीच्या मॅनिफोल्डकडच्या टोकाला काळा राडा डांबरासारखा घट्ट बसलेला. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर काहीच फरक पडला नसता. म्हणून व्हॉल्व्ह, नळी आणि खालचं रबरी बूश तिन्ही एकदम घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बूश लाकडासारखं कडक होतं, काढताना तुटतं आणि तुकडा कव्हरात पडतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हलक्या हातानं फिरवत काढा. जुना व्हॉल्व्ह दुकानात न्या, पण चासी नंबर सांगून त्याच इंजिनाचा मागा. दिसायला जुळ्या दोन व्हॉल्व्हांची स्प्रिंग वेगळी असते. कार्ब क्लीनर मारून जुनाच बसवायचा सल्ला मिळेल. घरी पोचण्यापुरता तो ठीक.

हे सगळं पेट्रोल गाडीचं. डिझेलच्या पिकअपला बोट लावून ओढ शोधू नका. तिथं ब्रीदर आणि ऑइल वेगळं करणारी जाळी असते, ती साफ आहे का एवढं बघा. आणि ऑइल बदलायची तारीख पुढे ढकलणं, गावातल्या गावात अर्धवट तापलेली गाडी फिरवणं, यातूनच तो काळा राडा साठतो.

माझ्या गाडीत घाटात ओलं झालेलं तेच पॅकिंग व्हॉल्व्ह आणि नळी बदलल्यावर कोरडं राहिलं. तुमच्या गाडीत नवा व्हॉल्व्ह घालूनही कागद उडत असेल, तर रिंगांची शंका रास्त आहे. पण तेव्हाही कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा तुमच्यासमोर कागदावर लिहायला सांगा. आकडे दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याला इंजिन उघडू देऊ नका.