३५ कोटी पत्रं, २८ गिऱ्हाइकं

चि. भाचीस,


न्यू जर्सीच्या त्या मराठी कुटुंबाची हकीकत तुझ्या आईने सांगितली. बारशासाठी त्यांना दोन छोट्या गोधड्या हव्या होत्या. त्यांचं ई-मेल थेट स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडलं आणि तुझ्या नजरेस आलं तोवर बारसं उरकलं होतं. इकडे इनबॉक्समध्ये मात्र कर्ज, लॉटरी आणि वजन घटवण्याच्या गोळ्यांची रीघ. वैतागून तू तो पत्ताच बंद करायला निघालीस. त्याच आठवड्यात कुणीतरी एक लाख ई-मेल पत्ते दोन हजार रुपयांत देऊ केले, तेव्हा ‘घेऊ का?’ असंही तू आईला विचारलंस.

पत्ता बंद करू नकोस आणि ते एक लाख पत्तेही घेऊ नकोस. दोन्हींमागचं कारण एकच आहे. ते तुला नीट कळावं म्हणून मामाने हे पत्र सवडीने लिहायला घेतलं आहे.

स्पॅमच्या, म्हणजे न मागता येणाऱ्या जाहिरातींच्या, या उपद्रवाचं मूळ फार जुनं आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्कने अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. कॅलिफोर्नियात नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक आहे, बघायला या, एवढाच मजकूर. पत्ते छापील डिरेक्टरीतून हाताने टाइप केले होते. ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात आणि उरलेले खाली मजकुरात उतरले. संशोधनासाठी उभ्या केलेल्या जाळ्यावर जाहिरात आल्याने लोक खवळले, तक्रारी झाल्या. पण एक गोष्ट त्या दिवशी दिसून गेली. टपालात तिकीट पाठवणाऱ्याने लावायचं असतं. इथे एका माणसाला पाठवायला जेवढा खर्च, तेवढ्यातच ४०० जणांना जात होतं, आणि वेळ मोडत होता वाचणाऱ्यांचा.

तीस वर्षांनी, २००८ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या संशोधकांनी या धंद्याचा हिशेबच मांडला. ‘स्टॉर्म’ नावाचं एक जाळं तेव्हा लोकांच्या घरच्या संगणकांत चोरून शिरून त्यांच्याकडून जाहिराती पाठवून घेत असे. संशोधक त्या जाळ्यात शिरले आणि काही पत्रांतला दुवा बदलून तो स्वतः उभारलेल्या औषधांच्या खोट्या दुकानाकडे वळवला. खरेदीच्या अखेरच्या पायरीवर ते दुकान बंद पडायचं, त्यामुळे कुणाचे पैसे गेले नाहीत. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रं निघाली. त्यांतली तीन चतुर्थांश तर वाटेतच अडवली गेली. दुकानापर्यंत दहा हजारांच्या थोडे वर लोक पोहोचले, आणि खरेदी करायला निघाले फक्त २८ जण.

सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! तुझ्या गोधड्यांचं दुकान अशा खपावर आठवडाभरही तगणार नाही. स्पॅमवाल्यांचं तगतं, कारण संगणक दुसऱ्याचा, वीज दुसऱ्याची आणि इंटरनेटचं बिलही दुसऱ्याच्याच नावावर. म्हणून आजवर जे उपाय लागू पडले ते दोनच जातींचे आहेत: पाठवणाऱ्याला खर्चात पाडणारे आणि ते अठ्ठाविसावं गिऱ्हाईक तोडणारे.

पहिल्या जातीचं उदाहरण त्याच वर्षीचं. सॅन होजे शहरात मॅकोलो नावाची एक कंपनी सर्व्हर भाड्याने देत असे. स्पॅम पाठवणाऱ्या कित्येक जाळ्यांची सूत्रं त्या सर्व्हरवरून हलत होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा पत्रकार ब्रायन क्रेब्स याने तिचा माग काढला आणि ११ नोव्हेंबर २००८ रोजी तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तिची जोडणी तोडली. जगभरातलं स्पॅम एका दिवसात निम्म्याच्याही खाली आलं. पुढच्या काही महिन्यांत धंदेवाल्यांनी दुसरीकडे बस्तान बसवलं हेही खरं, पण ते त्यांना फुकटात करता आलं नाही. २०११ मध्ये संशोधकांनी स्पॅममधून विकला जाणारा माल स्वतः मागवून पाहिला. औषधं, नकली घड्याळं आणि सॉफ्टवेअर यांचे जवळपास ९५ टक्के व्यवहार जेमतेम तीन बँकांमधून होत असल्याचं त्यात दिसलं. हजारो वेबसाइटींच्या मागे धावण्यापेक्षा पैशाची ती अरुंद वाट अडवणं किती सोपं, हे तेव्हा कळलं.

आता दुसऱ्या जातीच्या उपायासाठी तुझ्या इनबॉक्सकडे वळू.

स्पॅम ओळखणारी गाळणी शब्दांचा हिशेब ठेवते. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रामरने एक निबंध लिहिला आणि अठराव्या शतकातले गणिती थॉमस बेज यांचं संभाव्यतेचं सूत्र या कामाला कसं जुंपायचं ते दाखवलं. आपल्याला आलेल्या चांगल्या आणि वाईट पत्रांचे दोन ढीग करायचे, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं आणि नव्या पत्राचा निवाडा त्यावरून करायचा. त्याच्या मोजणीत भडक लाल रंगाचा संगणकीय संकेत हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा निघाला. माणसाला नियम लिहायला बसून हे कधी सुचलं नसतं. आजच्या गाळण्या याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, पण त्या अजूनही वाचणाऱ्याकडूनच शिकतात.

म्हणून नको असलेलं पत्र नुसतं डिलीट करू नकोस, ‘स्पॅम’चं बटण दाब. डिलीट केल्याने गाळणीला काहीच कळत नाही. याच्या उलट कामही तितकंच जरुरीचं आहे. दर दोन-तीन दिवसांनी स्पॅमचा कप्पा उघडून त्यात चुकून गेलेलं खरं पत्र ‘स्पॅम नाही’ म्हणून बाहेर काढ. जीमेल तो कप्पा ३० दिवसांनी आपोआप रिकामा करतं. न्यू जर्सीचं पत्र आणखी थोडं राहिलं असतं तर कायमचंच गेलं असतं.

‘अनसबस्क्राइब’ करावं की नाही, असं तू विचारलं होतंस. ज्या दुकानातून तू खरंच काही घेतलं आहेस, त्याच्या पत्राखालचा तो दुवा खुशाल वापर. मात्र कधी नावही न ऐकलेल्याच्या पत्रातल्या कुठल्याच दुव्याला हात लावू नकोस. तिथे बोट टेकलं की हा पत्ता जिवंत आहे, मागे माणूस आहे, एवढी खबर पलीकडे पोहोचते. अनोळखी पत्रातली चित्रंही आपोआप उघडू देऊ नकोस. कित्येकदा त्यांत डोळ्याला न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं आणि ते उघडलं गेलं की पत्र वाचलं गेल्याची नोंद होते.

पत्ता कुठून फुटला हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच येतं. सुताच्या व्यापाऱ्याला पत्ता देताना नावापुढे ‘प्लस सूत’ लिही, प्रदर्शनवाल्यांना देताना ‘प्लस प्रदर्शन’. उद्या त्या पत्त्यावर लॉटरीचं पत्र आलं तर पत्त्यांची वही कुणाच्या हातून सुटली ते लगेच समजेल. दुकानाचा पत्ता आणि बँकेला दिलेला पत्ता वेगळे ठेव. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या मोफत सेवेवर आपला पत्ता एखाद्या फुटलेल्या साठ्यात आहे का, तेही पाहून घे. असला तर तिथला पासवर्ड त्याच दिवशी बदल.

आता त्या एक लाख पत्त्यांविषयी.

वीसेक वर्षांपूर्वी मामा एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळत होता. बसवताना एक चूक राहून गेली होती. कुणाही परक्याचं पत्र तो सर्व्हर मुकाट्याने पुढे पाठवायचा. एका रात्रीत कुणीतरी त्यातून हजारो जाहिराती सोडल्या. सकाळी सर्व्हर काळ्या यादीत होता. पुढचे नऊ दिवस तिथल्या मुलांची परदेशी विद्यापीठांना गेलेली पत्रं एकामागून एक परत येत होती. प्रवेशाची मुदत टळल्याने एक मुलगी टेबलापाशी येऊन रडली. ते मामाच्या मनातून आजही गेलेलं नाही.

अशा काळ्या याद्या ठेवणारी एक मोठी संस्था म्हणजे स्पॅमहाउस. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये ती लंडनमध्ये सुरू केली. अशा संस्था काही पत्ते केवळ सापळा म्हणून पेरून ठेवतात. ते कुणी माणूस वापरत नाही, त्यामुळे त्यांवर जाहिरात आली म्हणजे पाठवणाऱ्याने परवानगी घेतलेली नाही हे उघड होतं. विकतच्या यादीत असे सापळे हमखास असतात. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पत्रं पाठवणाऱ्याला स्वतःची ओळख पटवावी लागते, जाहिरातीतून एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यावी लागते, आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. हजारात तिघे चिडले की गाडी अडते. तुझ्या गोधड्या ज्यांनी कधी पाहिल्याही नाहीत अशा हजार जणांत किती जण चिडतील? मग तुझी साधी पावतीसुद्धा गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाईल, न्यू जर्सीच्या पत्रासारखीच.

कायद्याचं म्हणशील, तर फोन आणि एसएमएसच्या जाहिराती थांबवायला १९०९ हा क्रमांक आहे, पण तो ई-मेलला लागू नाही. अमेरिकेने २००३ मध्ये स्पॅमसाठी वेगळा कायदा केला, तसा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता. पण ते कलम इतकं मोघम होतं की मतं मांडणाऱ्यांवरच उगारलं जाऊ लागलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्याला मात्र कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सूतवाल्याच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं, पैसे इथे भरा’ असं पत्र आलं, तर आधी त्याला जुन्या नंबरावर फोन कर. पैसे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर कळव.

तुझ्या दुकानाच्या नावाने दुसऱ्या कुणी पत्रं धाडू नयेत म्हणून डोमेनच्या नोंदीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी भराव्या लागतात. येत्या रविवारी जेवायला ये आणि येताना लॅपटॉप आण. मामा शेजारी बसून त्या भरून देईल. त्याआधी न्यू जर्सीला एक पत्र लिही. बारसं झालं असलं तरी बाळ अजून लहानच आहे. थंडी सुरू व्हायच्या आत गोधडी पोहोचेल का, एवढं त्यांना विचार.

तुझा,
मामा