कूलर चालू, खिडकी बंद

मागच्या मे महिन्यात अनसिंगच्या माझ्या दवाखान्यात एका आजीबाईंना उचलून आणले. अंग तापलेले, नाडी जलद, बोलणे असंबद्ध. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नवा मोठा कूलर घेतला, खोलीबाहेर येऊच दिलं नाही." खिडकी? "तुम्हीच म्हणाले होते, उन्हात दारं-खिडक्या लावून घ्या."

चूक माझी. सल्ला मी अर्धाच दिला होता.

कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. ही दमट हवा बाहेर गेली नाही तर खोलीत ओल साठते, घाम वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. म्हणून कूलर खिडकीबाहेर बसवावा, म्हणजे तो कोरडी हवा ओढतो. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच दमट हवा फिरवत बसतो, मग तो केवढाही मोठा असो.

आकाराचा हिशेब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा व निम्मे करा. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. तिला मिनिटाला ६०० घनफूट हवा पुरते, म्हणजे दर दोन मिनिटांनी हवा बदलते. खोक्यावर आकडा तासाला घनमीटरमध्ये असेल, तर सुमारे १००० पाहावा. वर टिनपत्रे असतील तर थोडा जास्त. टाकीतले पाणी आठवड्याला काढून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

आजीबाईंचे अंग ओल्या फडक्याने पुसत, वारा घालत त्यांना वाशीमला हलवले. वाचल्या. पावसाळा लागला की मी त्यांच्या मुलाला सांगतो, आता पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा चालू द्या.