एकच फॉर्म आहे हो!

दिवाळी अंक बाजारात येऊन चार दिवस झाले होते. सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे त्याच अंकातले एक ज्येष्ठ लेखक. आवाज अगदी शांत. म्हणाले, "ताई, मी अजून आहे बरं का."

लेखक-परिचयात त्यांच्या नावाआधी ‘कै.’ छापलं होतं. ते खालच्या ओळीतल्या नावाला लागायला हवं होतं. डीटीपीवाल्याला बोल लावायची सोय नव्हती, कारण दुरुस्तीचा बाण मीच वरच्या ओळीला काढला होता. रात्री एक वाजता, शेवटच्या फॉर्मवर. साडेनऊला तो पाठवताना संपादक म्हणाले होते, "एकच फॉर्म आहे हो, लगेच होईल." एक फॉर्म म्हणजे सोळा पानं.

लेखक मनाने मोठे. हसले, आणि मी सुटले. पण फराळाचं ताट समोर असताना मला तो ‘कै.’च दिसत होता. शेवटी त्या प्रूफाच्या दिवसाचा जमाखर्च कागदावर मांडला. सकाळी अनुवादाचं नवं प्रकरण उघडलं; दोन परिच्छेद होतात तोच प्रकाशकाचा फोन. मग थकलेल्या बिलाची आठवण, परत अनुवाद, मध्येच कुकर, व्हॉट्सॲपवर आलेलं मुखपृष्ठ, परत अनुवाद. रात्री जेवून प्रूफ. चौदा तास टेबलाशी होते आणि खूप काम केलं म्हणून स्वतःवर खूशही होते. प्रत्यक्षात दिवसभर नुसती ये-जा केली होती आणि जे काम निव्वळ डोळ्यांचं, ते डोळे थकल्यावर हातात घेतलं होतं.

अनुवाद आणि मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला शिस्त नसेल असं नाही. मी लगेच वेळापत्रक केलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे रंगीत चौकोन. आठव्या दिवशी ते भिंतीवरून उतरलं. मग इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोची टोमॅटोवाली पद्धत धरली: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. विद्यार्थिदशेत त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून ते नाव पडलं. प्रूफाला ही पद्धत छान लागू पडली. अनुवादाची मात्र तिने पार वाट लावली. एखाद्या लांब वाक्याचा सूर सापडायलाच मला वीस मिनिटं लागतात. तो सापडला की घंटा वाजायची.

तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या कामांना एकच चाल लावणं हीच माझी चूक होती.

माझी कामं तीन तऱ्हांची आहेत. अनुवादात बुडी मारावी लागते. प्रूफ वेचावं लागतं, तांदूळ निवडतो तसं. तिसरी चिल्लर: फोन, बिलं, कुरिअर, ‘जरा बघून सांगा ना’. गंमत अशी, की पहिली दोन कामं एकमेकांची वैरी आहेत. अनुवाद करताना मन अर्थामागे धावतं, आणि अर्थामागे धावणारं मन ‘पाणि’ला आपोआप ‘पाणी’ वाचतं. म्हणून अनुवादावरून उठून थेट प्रूफाला बसू नये. मी मध्ये कणीक मळते. हात गुंततात, डोकं रिकामं होतं.

आता माझी घडी अशी बसली आहे. सकाळी सात ते साडेनऊ अनुवाद, फोन दुसऱ्या खोलीत. थांबताना पुढच्या वाक्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही. अकरानंतर प्रूफ, ओळीखाली पट्टी धरून, दिवसाला दोन फॉर्म, त्याहून जास्त नाही. नावं, आकडे आणि शीर्षकं यांची फेरी वेगळी, कारण मोठ्या अक्षरातली चूकच सगळ्यात आधी निसटते. चिल्लर सगळी चारनंतर, एका बैठकीत.

विसाव्याचं मी वारीकडून घेतलं. माऊलींच्या पालखीबरोबर अनेक पुणेकरांसारखी मीही एकच टप्पा चालते, पुणे ते सासवड. सुमारे तीस किलोमीटर, त्यात दिवे घाट. एवढी चाल झाल्यावर पालखी सासवडला साधारणपणे दोन रात्री मुक्काम करते. दमलात का, असं तिथे कुणी विचारत बसत नाही. मुक्काम निघण्याआधीच ठरलेला असतो. मी उलटं करत होते. दमले की थांबायचं म्हणायचे, आणि दमलेल्या माणसाला आपण दमलोय हेच कळत नाही. आता मोठं पुस्तक हातावेगळं झालं, की पुढचे दोन दिवस वहीत आधीच रिकामे असतात.

वर्षाचीही एक लय असते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमच्या धंद्याचा हंगाम ठरलेला. भाद्रपद-आश्विनात प्रूफांचा पूर येणारच. त्या दिवसांत मी नवा अनुवाद घेत नाही. पैसे कमी पडतील ही धास्ती होती; ती खोटीही नव्हती. म्हणून उन्हाळ्यात एक अनुवाद जास्तीचा करते.

माझ्या वेळा तुम्ही उचलू नका. तुमच्याकडे तान्हं मूल असेल, पाळीची नोकरी असेल. आधी एक आठवडा वहीत एवढंच लिहा: कोणतं काम, कधी केलं, कसं उतरलं. तुमच्या कामांच्या तऱ्हा त्यातूनच दिसतील. आणि दिवस कोलमडला, तर घड्याळ सोडा, क्रम धरा. आई आजारी होती तेव्हा माझा अनुवाद पाऊण तासावर आला, पण होता तो सकाळीच.

गेल्या आश्विनात रात्री साडेनऊला त्याच संपादकांचा फोन आला. "ताई, एकच फॉर्म आहे हो."

"पाठवून ठेवा," मी म्हटलं, "उद्या अकराला उघडते."

ते जरा कुरकुरले. मग म्हणाले, "बरं. नावं मात्र नीट बघा."