वापरलेली भारी मोटार : घेण्यापूर्वी आणि घरी आणताना



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात मोटारीविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. उसाचे बिल जमा झाले की गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, नवी मुंबईला पन्नास लाखांची गाडी बारा लाखांत मिळते म्हणे. घ्यावी का?" नवी मुंबईच का, तर तिथे आपलीच माणसे आहेत. १९६९ चा माथाडी कायदा झाला, पुढे मुंबईचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेला, आणि सातारा-सांगलीकडची कितीतरी घरे कोपरखैरणे, घणसोली भागात स्थायिक झाली. कुणाचा भाऊ, कुणाचा पाहुणा तिथून फोटो पाठवतो आणि इकडे पोरांची झोप उडते.

घेऊ नका असे आम्ही सांगणार नाही. चांगली गाडी ही चैनच असते असे नाही. मजबूत सांगाडा, चांगले ब्रेक आणि हवेच्या पिशव्या यांनी माणसे वाचतात. पण हिशेब कसा मांडायचा हे मात्र सांगणे जरूर आहे, आणि तो हिशेब उसाच्या भाषेत आपल्याला लवकर कळतो.

नवी गाडी म्हणजे लागण. नांगरट, सऱ्या, बेणे, सगळा भारी खर्च पहिल्या मालकाने केलेला असतो. वापरलेली गाडी म्हणजे खोडवा. तो खर्च आपल्या अंगावर नाही, म्हणून खोडवा परवडतो. परंतु कुठला खोडवा ठेवायचा हे लागणीच्या पिकावरून ठरते. काणी आलेल्या, गवताळ वाढीच्या प्लॉटचा खोडवा ठेवू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे बांधावर उभे राहून सांगत आलो. मोटारीचेही तसेच आहे. पहिल्या मालकाने तेल वेळेवर बदलले की नाही, गाडी पाण्यात उभी होती की काय, कुठे ठोकली होती का, हे न बघता केवळ स्वस्त म्हणून घेतलेली गाडी पुढे बांधावरच उभी राहते.

आता मुख्य गोष्ट. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी बारा लाखांना मिळाली तरी तिचा दिवा, तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअप हे पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. समजा, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३ हजार रुपये हाती पडले. चार टायरचा संच ७५ हजारांचा धरला तर तो २५ टन उसाचा झाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम ३ लाखांवर गेले तर ते १०० टन. एकरी ४० टनांचा उतारा धरला तर अडीच एकरांचा ऊस एका गिअरबॉक्समध्ये गेला! आडसाली ऊस आपण दीड वर्ष सांभाळतो, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. आमचे मत असे की गाडीच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवता येत असेल तरच या वाटेला जावे. बारा लाख हाती असतील तर गाडी दहाची बघावी. त्यासाठी सोसायटीचे पीककर्ज वळवणे तर नकोच नको.

काही मंडळी म्हणतात, "या गाड्या आता आपल्या महाराष्ट्रातच बनतात, मग पार्ट महाग कसे?" बनतात हे खरे. मर्सिडीज १९९५ पासून पुणे भागात तयार होते व २००९ पासून चाकणला. ऑडी आणि स्कोडा यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला झाली. बीएमडब्ल्यूचा कारखाना २००७ पासून चेन्नईजवळ आहे. पण ही बहुतांशी जुळणी आहे. पुष्कळसे महत्त्वाचे भाग परदेशातून पेट्यांतून येतात. त्यामुळे गाडीवरचा कर वाचतो, भागांचे दर आपल्या जीपसारखे होत नाहीत.

अशा गाड्या पुष्कळदा कंपनीची हमी संपता संपता, किंवा मोठी सर्व्हिस तोंडावर आली की विक्रीला निघतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. शहरातला मालक हिशेबी असतो, खर्च सुरू होण्याआधी तो बाजूला होतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा न करता पुढची मोठी सर्व्हिस किती किलोमीटरला आहे, हा करावा.

पाहणीला जाताना दिवसा जावे. बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो, चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो. विक्रेत्याने शिंगांना लावलेल्या रंगाकडे बघत नाही. इथेही चकचकीत पॉलिशकडे दुर्लक्ष करावे. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर गाडी तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवली आहे, असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी यावे. गार इंजिन चालू होताना साखळीचा खडखडाट, निळा किंवा पांढरा धूर हे दोन-तीन मिनिटांतच कळते, गरम इंजिनात ते लपते.

मग पाण्याची खूण. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हजारो गाड्या बुडाल्या होत्या. त्या गाड्या आता भंगारात गेल्या असतील, पण दर पावसाळ्यात मुंबई-ठाणे पट्ट्यात कुठे ना कुठे तळघरातल्या गाड्या पाण्यात जातातच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर तिथूनच रामराम करावा. सीटखालच्या रुळांवरचा गंज, गालिचाखालचा बारीक गाळ, कुबट वास, दिव्याच्या काचेत आतून दहिवर, या त्याच्या बाकीच्या खुणा. भारी गाडीत विजेच्या तारा आणि छोटे संगणक सीटखाली व गालिचाखाली असतात. पाणी शिरले की दोष आज नाही, सहा महिन्यांनी उमटतो. शिवाय खाडीची खारी हवा आहेच. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, सांगाड्याचे जोड, चेंबरला लागलेला मार, तेलाची गळती, सगळे तिथे दिसते.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमधून चासी नंबरवर सर्व्हिसची जुनी नोंद मालकाकरवी काढून घ्यावी. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकचे पेडल गुळगुळीत झिजलेले नसते. दोन्ही किल्ल्या मागाव्यात. यांची किल्ली नाक्यावर कापून मिळत नाही. शेवटी त्याच कंपनीच्या गाड्या हाताळणाऱ्या, पण विक्रेत्याशी संबंध नसलेल्या फिटरकडून संगणक जोडून तपासणी करावी. चार-पाच हजार लागतील. माती परीक्षणालासुद्धा काही सभासद का-कू करतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

डिझेलविषयी एक सूचना. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि एका वेगात चालावी लागते. नेरूळहून वाशी आणि वाशीहून नेरूळ एवढेच चाललेल्या गाडीची जाळी तुंबलेली असू शकते. कमी चाललेली म्हणजे चांगली, हा हिशेब येथे उलटा पडतो.

दिल्लीकडच्या नंबरच्या गाड्याही तिथे स्वस्तात दिसतील. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, २०२५ मध्ये काहीशी सैल झाली. पण परराज्यातील गाडी म्हटली की तिकडचे ना-हरकत पत्र आले आणि इथला कर भरणे आले. आपल्या माणसाने एमएच-४३ (वाशी) किंवा एमएच-४६ (पनवेल) अशी इथलीच गाडी बघावी; राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो.

कागदपत्रांत पहिले काम बोजा पाहण्याचे. जमीन घेताना सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना आपण वाचतो, तसे गाडीच्या नोंदणीपुस्तकात बँकेचे नाव आहे का ते बघावे. असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेले ई-चलन व नोंदणीची माहिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. विक्रेता दुकानदार असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे त्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेतलेले असावे लागते. ते दाखवा म्हणून सांगण्यात कमीपणा नाही.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. "सह्या करून ठेवा, सवडीने बघू" हा आपल्याकडचा रिवाज फार घातक आहे, आणि तो आपल्याला दोन्ही बाजूंनी नडतो. कारण पुष्कळ सभासद जुनी गाडी बदल्यात देऊन ही घेतात, म्हणजे ते विकणारेही असतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एक निकाल दिला. त्यात एक गाडी विकल्यावर आणखी दोन-तीन हातांतून गेली होती, पुस्तकावर नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहिले. २००९ मध्ये तिच्याखाली एक मुलगा दगावला. न्यायालयाने भरपाईसाठी पुस्तकावरचा मालकच जबाबदार धरला. पैसे घेतले, किल्ली दिली, तरी कायद्याने गाडी त्याचीच होती! तेव्हा बदल्यात दिलेली आपली जुनी जीप कुणाच्या नावावर गेली, याचा कागद हाती येईपर्यंत स्वस्थ बसू नये.

विम्याचेही असेच. विक्रीनंतर परक्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे चालून येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करून नाव लावून घ्यावे लागते. आम्ही म्हणतो चौदा दिवस तरी कशाला, गाडी दुकानाबाहेर काढण्याआधीच ही व्यवस्था करावी. घाटात काही झाले तर पंधराव्या दिवसाचा कागद कामाचा नाही. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत ही त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. ती धरून हप्ता सांगितला असेल तर पुन्हा हिशेब करून घ्यावा.

आता घरी आणणे. रात्रीचा मुहूर्त काढू नये. सकाळी लवकर सायन-पनवेल महामार्गाने कळंबोलीला यावे, तिथे द्रुतगती मार्ग लागतो. निघण्याआधी डिकीत स्टेपनी आहे का हे पाहावे. पुष्कळ भारी गाड्यांना स्टेपनीच नसते. काहींचे टायर पंक्चर होऊनही हळू वेगाने थोडे अंतर चालणारे असतात, काहींत नुसता पंप व डिंकाची बाटली असते. टोलचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. तो बंद करून आपल्या नावाचा घ्यावा, नाहीतर खालापूरच्या नाक्यावरच वाद.

मुंबईकडून येताना बोरघाट चढावा लागतो आणि पाण्याच्या पंपाची, रेडिएटरची खरी परीक्षा तिथे होते. नजर तापमानाच्या काट्यावर असू द्यावी. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला तर लोणावळा आलेच म्हणून रेटू नये, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. चढ चढून आल्यावर टर्बोचे इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट तसेच चालू ठेवावे. पुढे पुणे वळणरस्ता, खेड शिवापूर, खंबाटकी, सातारा हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा आहे. खरी अडचण गावाच्या फाट्याला येते. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ठेंगणी गाडी घातली की चेंबर लागलेच. मळ्यात वस्ती असणाऱ्यांनी उंच गाडी घ्यावी, किंवा वस्तीचा रस्ता आधी मुरमाने भरून घ्यावा.

पेट्रोलची गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावे, आणि ही गोष्ट तर आपल्याच उसातून निघते. इथेनॉलचे २० टक्के मिश्रण असलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत देशभर पोचले. त्यात ऊस उत्पादकाचे हित आहे, ते आम्ही लपवत नाही. परंतु एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या मोटारींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. रबरी नळ्या व वायसर यांचा प्रश्न वेगळा. म्हणून घेण्यापूर्वी कंपनीच्या वर्कशॉपमधून त्या सालच्या, त्या इंजिनाला हे पेट्रोल चालते का, हे लेखी विचारून घ्यावे आणि पेट्रोलच्या नळ्या बदलायच्या झाल्यास त्याचा खर्च सौद्यातच धरावा. इथेनॉल हवेतील पाणी ओढते. लग्नसराईपुरती बाहेर काढायची आणि एरवी शेडमध्ये झाकून ठेवायची अशी गाडी असेल तर टाकीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने राहू देऊ नये. आठवड्याला एकदा तरी कारखान्यापर्यंत चक्कर मारावी.