चाई : कारणे, शरीरातील घडामोड आणि शिक्षकाचे कर्तव्य

शाळेतील एखाद्या मुलाच्या डोक्यावर अकस्मात रुपयाएवढा, गुळगुळीत व केशरहित चट्टा दिसू लागतो. बोलीत यास चाई व आयुर्वेदात इंद्रलुप्त म्हणतात. ‘केसांना कीड लागली’ ही समजूत खेड्यापाड्यांतून अद्यापि आढळते. तिच्यापोटी मुलास वेगळे बसविले जाते, चट्ट्यावर लसूण वा बिब्बा चोळला जातो, आणि चिडवाचिडवीस कंटाळून मूल शाळा चुकवू लागते. विकारापेक्षा गैरसमजाने होणारी ही हानी मोठी आहे. ती टाळणे बव्हंशी शिक्षकाच्या हाती असल्याने या विकाराची शास्त्रीय माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. केसाची वाढ

प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. या पिशवीस केशकूप म्हणतात. तिच्या तळाशी केशकंद असतो. तेथील पेशी सतत विभागून केस तयार करतात व रंगपेशी त्यास काळेपणा देतात. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. केस २ ते ६ वर्षे वाढतो, नंतर २-३ आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे ३ महिने तो विसावतो व शेवटी गळून त्या जागी नवा केस येतो. म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच होय.

२. विकार कसा घडतो?

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार आहेत. इतर पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा तपासून त्या आपले कोण व परके कोण हे ठरवितात. वाढत्या केसाच्या कंदात या खुणा अत्यल्प असतात; त्यामुळे तो सामान्यतः राखणदारांच्या नजरेआड राहतो. चाईमध्ये हे संरक्षण ढासळते. ‘टी’ नामक पांढऱ्या पेशी केशकंदास परका समजून त्याच्याभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मोहोळाभोवती घोंगावणाऱ्या माश्यांसारखे दिसते.

या पेशी इंटरफेरॉन-गामा हे द्रव्य सोडतात. त्याच्या प्रभावाने केशकंदावरील खुणा अधिकच उघड्या पडतात, आणि केशकूपातून इंटरल्यूकिन-१५ हे द्रव्य स्रवून आणखी टी पेशींना चेतविते. असे हे दुष्टचक्र चालू राहते. वाढ अर्ध्यावर खुंटल्याने केस मुळाशी बारीक होऊन तुटतो. चट्ट्याच्या कडेस वर जाड व खाली निमुळते, उद्गारचिन्हासारखे तोकडे केस दिसतात, ते याचमुळे. हल्ला प्रायः रंगयुक्त केसांवर होतो. म्हणून पांढरे केस पुष्कळदा टिकून राहतात व नव्याने येणारे केसही प्रथम पांढरे असतात.

मात्र केशकूपाच्या वरच्या भागातील मूळपेशी सहसा शाबूत राहतात. ऊस तोडला तरी जमिनीतील बुडखा जिवंत असल्यास खोडवा फुटतो, तद्वतच हल्ला ओसरताच केस पुन्हा उगवू शकतात. बिब्ब्याने त्वचा भाजून व्रण पडल्यास मात्र हा बुडखाच नष्ट होण्याचा धोका असतो.

३. कारणे

शंभरांतील सुमारे २ व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी चाई होते. आनुवंशिकता हे एक प्रमुख कारण होय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, राखणदार पेशींच्या कार्याशी निगडित अनेक जनुकांचा या विकाराशी संबंध दिसून आला. तथापि जुळ्या भावंडांपैकी एकास चाई झाली तरी दुसऱ्यास ती होतेच असे नाही. म्हणजे अन्य कारणांचाही त्यात वाटा असतो. अवटू ग्रंथीचे विकार, कोड व दमा ही दुखणी अशा व्यक्तींत तुलनेने अधिक आढळतात. कीड, अस्वच्छता अथवा शाप यांचा चाईशी काडीमात्र संबंध नाही. फणी, टोपी वा शेजार यांमुळे ती पसरत नाही.

४. ओळखावी कशी?

चाईचा चट्टा गुळगुळीत असून त्यावर खपली नसते. चट्ट्यावर कोंडा, खाज, पू अथवा तुटक्या केसांचे खुंट असल्यास बुरशीमुळे होणाऱ्या गजकर्णाचा संशय घ्यावा. तो संसर्गजन्य असून त्यास पोटात घ्यावयाचे औषध लागते. काही मुले अस्वस्थतेपायी स्वतःचेच केस उपटतात. त्या जागी आखूड-लांब केस वेडेवाकडे राहिलेले दिसतात. अंतिम निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचाच असावा.

५. उपचार

लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात. पण चाई पुन्हा उद्भवू शकते. डॉक्टर लावण्याचे औषध अथवा चट्ट्यात टोचण्याचे इंजेक्शन देतात. पेशींमधील जॅनस कायनेज हे संदेशवाहक विकर रोखून वर सांगितलेले दुष्टचक्र तोडणारी औषधेही निघाली आहेत. तीव्र चाईसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये प्रौढांकरिता बॅरिसिटिनिब व २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांकरिता रिटलेसिटिनिब यांस मान्यता मिळाली. ही औषधे रोगप्रतिकारशक्ती मंदावीत असल्याने ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

६. शिक्षकाने काय करावे?

(अ) मुलास नेहमीच्याच जागी बसवावे. त्याची इच्छा असल्यास वर्गात टोपी वा रुमाल वापरू द्यावा.
(आ) पालकांस एकांतात भेटून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. घरगुती जालीम उपायांपासून परावृत्त करावे.
(इ) मुलाचे नाव न घेता, ‘केस कसा वाढतो’ हा पाठ वर्गास द्यावा. ज्ञान झाले म्हणजे भीती जाते, व भीती गेली म्हणजे चिडविणेही थांबते.
(ई) चट्टे वाढत असल्यास अथवा मूल खिन्न राहू लागल्यास पुन्हा वैद्यकीय सल्ला घेण्यास पालकांस सुचवावे.

पाठानंतर विचारावयाचे प्रश्न : (१) दररोज काही केस गळतात, तरी टक्कल का पडत नाही? (२) चाई झालेल्या मित्राची टोपी घातल्यास चाई होईल काय? का? (३) उसाचा खोडवा व चाईनंतर उगवणारा केस यांत साम्य कोणते?