रुग्णसेवेत संगणकाचा सल्ला : निर्णय कोणाचा, लाभ कोणाला?

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन आणि जाफराबाद असे त्याचे आठ तालुके आहेत. खेड्यातला रुग्ण आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तेथून ग्रामीण रुग्णालय, पुढे जालन्याचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथेही भागले नाही तर सुमारे साठ किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. प्रत्येक पायरीवर डॉक्टर नवे, केसपेपर नवा आणि प्रश्न मात्र तेच. मागची चिठ्ठी घरी राहिली असेल, कोणती गोळी चालत नाही हे सांगायचे राहून गेले असेल, तर उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आपल्या वस्तीतील मुले-मुली डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, संगणक अभियंते होण्याची उमेद बाळगून आहेत. त्यांच्यासाठी, आणि रुग्ण म्हणून रांगेत उभे राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी, संगणक डॉक्टरांना निर्णय घेण्यास कशी मदत करतो, हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

१. निर्णयसाहाय्य म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते की संगणक म्हणजे डॉक्टरांचे टंकलेखन यंत्र; नाव, वय, गाव लिहिले की त्याचे काम संपले. निर्णयसाहाय्य हे त्यापुढचे पाऊल आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : रुग्णाची माहिती, वैद्यकशास्त्राने ठरविलेला नियम, आणि योग्य क्षणी दिलेला इशारा.

एक साधे उदाहरण घेऊ. खोकला असलेल्या लहान मुलाचा श्वास मोजण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा आहे : दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो जलद समजावा व न्यूमोनियाचा विचार करावा. परिचारिकेने वय आणि श्वासाचा आकडा भरला की संगणक हा नियम लावून इशारा देतो. पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदलेल्या रुग्णाला तेच औषध लिहिले गेले तर थांबवतो. गर्भवतीचा रक्तदाब पाचव्या महिन्यानंतर १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर लघवीतील प्रथिने तपासण्याची आठवण करतो.

दुसऱ्या प्रकारात नियम माणूस लिहून देत नाही. हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदींतून संगणक स्वतःच धागेदोरे शोधतो आणि नव्या रुग्णाला धोका किती, याचा अंदाज सांगतो. हा प्रकार अधिक शक्तिमान आहे. पण त्यात धोकेही अधिक आहेत. ते पुढे पाहू.

२. अज्ञान नव्हे, अपुरे पडणारे लक्ष

ही कल्पना अगदी नवी नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल यांनी अचानक पोटात दुखणाऱ्या ३०४ रुग्णांवर संगणकाची परीक्षा घेतली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर आले, तर रुग्ण पाहणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के रुग्णांत. पुढे आठ रुग्णालयांतील सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. त्याचा १९८६ चा अहवाल सांगतो की पहिल्या तपासणीतील निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली. यात एक मर्म आहे. संगणकाला माहिती देण्यासाठी डॉक्टरांना ठरलेल्या नमुन्यात प्रत्येक प्रश्न विचारावा लागे. या शिस्तीमुळेही त्यांचे निदान सुधारले.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांचा आहे. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाने सूचना दिली तेव्हा डॉक्टरांनी आवश्यक ती कृती ५१ टक्के प्रसंगी केली. सूचना नव्हती तेव्हा त्याच डॉक्टरांनी ती फक्त २२ टक्के प्रसंगी केली. डॉक्टर तेच आणि त्यांचे ज्ञानही तेच होते. मॅकडोनाल्ड यांचा निष्कर्ष असा की अशा चुका ज्ञानाच्या अभावामुळे होत नाहीत. एका वेळी इतकी माहिती ध्यानात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून होतात.

आपल्याकडील ओपीडीत एका सकाळी डॉक्टरांपुढे किती रुग्ण बसलेले असतात, हे आपण पाहतोच. तेथे डॉक्टरांना दोष देऊन रुग्णाचे काही भले होत नाही. त्यांच्या हाताशी विसर पडू न देणारा एक सहायक असणे, हाच खरा उपाय आहे.

३. महाराष्ट्रातील अनुभव

निर्णयसाहाय्याला प्रत्येक वेळी संगणक लागतोच असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला हे कसे ओळखावे, यासाठी या संशोधनातून सात लक्षणांचा नियम पुढे आला : सातांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली की बाळाला उपचाराची गरज आहे असे समजावे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कार्याचे निष्कर्ष आले. त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ पर्यंत खाली आले. त्यात घरभेटी, प्रशिक्षण व उपचार या सर्वांचा वाटा होता. पण नियम स्पष्ट होता म्हणूनच गावातली स्त्री निर्णय घेऊ शकली, हेही तितकेच खरे.

२०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे होते. सर्वांसाठी एकच ठरलेली औषधयोजना आणि परिचारिकेच्या मोबाईलवर रुग्णाची नोंद, ही त्याची पद्धत. ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी मोबाईल आपोआप दाखवतो आणि त्यांना फोन करून बोलावले जाते. केसपेपरच्या गठ्ठ्यातून अशी यादी काढायला दिवस गेला असता.

‘ई-संजीवनी’ या शासकीय दूरवैद्यक सेवेद्वारे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी लांबच्या डॉक्टरांचा सल्ला रुग्णाला मिळवून देतात. २०२३ च्या सुरुवातीलाच देशभरात अशा सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. या सेवेत आता निर्णयसाहाय्याचा भागही जोडलेला आहे. लक्षणांविषयी ठरावीक प्रश्न विचारले जातात आणि संभाव्य निदाने डॉक्टरांपुढे ठेवली जातात. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

४. आपल्या जिल्ह्यात याचा उपयोग कोणाला?

समजा, मंठा तालुक्यातील एक गर्भवती बाई ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेली आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली, ती मार्च-एप्रिलमध्ये परतणार. गावच्या आशाताईंनी केलेली पहिली नोंद गावातच राहिली. कारखान्याच्या परिसरातील दवाखान्यात हिमोग्लोबिन ६.८ निघाले. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तेथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणे धोक्याचे. नोंद संगणकावर असेल तर इशारा येईल. मागच्या तपासणीत ९ होते आणि आता घसरले, हेही दिसेल. ही बाई स्वतःचा इतिहास नीट सांगू शकली नाही तरी तिची नोंद तो सांगेल.

ज्याच्याजवळ ओळखीचा डॉक्टर आहे, फाईल सांभाळणारा शिकलेला मुलगा आहे, त्याची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात. ज्याला कोणीच नाही, त्याला नियम समान लागू करणारे यंत्र अधिक उपयोगी. या विषयाचे सामाजिक मोल येथे आहे.

५. यंत्राची मर्यादा

परंतु यंत्र आपोआप न्यायी असते, असे मात्र समजू नये. २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतील एका मोठ्या प्रणालीचा अभ्यास आला. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यावी हे ती प्रणाली ठरवत असे. तिने आजाराचे माप म्हणून उपचारावर झालेला खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरविले. माप सुधारले असते तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के झाले असते. ज्याला उपचार परवडला नाही तो आजारीच नव्हता, असा हा हिशेब! आपल्या समाजाने हे उदाहरण कायम ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण २०२१ चे. रक्तातील जंतुसंसर्गाची पूर्वसूचना देणारी एक बहुप्रचलित प्रणाली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासली गेली. तिच्या हातून शंभरातील ६७ रुग्ण निसटले, आणि भरती रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत तिने इशारे दिले. वारंवार खोटी घंटा वाजली की खऱ्या घंटेकडेही कोणी पाहत नाही. म्हणून परदेशात किंवा मोठ्या शहरात तयार झालेली प्रणाली आपल्या रुग्णांवर तपासून पाहिल्याशिवाय वापरू नये. रक्तदाब न मोजता अंदाजाने आकडा लिहिला, तर चांगली प्रणालीसुद्धा चुकीचाच सल्ला देणार.

६. आपण काय करावे?

(अ) दवाखान्याचे सर्व कागद, डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचे अहवाल एका पिशवीत तारखेनुसार ठेवावेत व प्रत्येक वेळी सोबत न्यावेत.

(आ) कोणते औषध चालत नाही, मधुमेह, रक्तदाब, क्षयरोगाचा उपचार चालू आहे काय, हे न विचारताही सांगावे.

(इ) २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य योजनेत चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. तो काढणे ऐच्छिक आहे. आपली नोंद कोणाला दाखवायची याची संमती आपण द्यायची असते. ओटीपी अनोळखी माणसाला सांगू नये.

(ई) “संगणकात असेच आले,” असे उत्तर मिळाले तर नम्रपणे कारण विचारावे. सल्ला यंत्राचा असला तरी जबाबदारी माणसाचीच असते.

(उ) विद्यार्थी मित्रांनी जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र व संगणकही शिकावा. नियम कोण लिहितो आणि कोणाच्या नोंदींवरून लिहितो, यावर रुग्णाचे भवितव्य ठरणार आहे. ते लिहिणाऱ्यांत आपली मुले-मुली असली पाहिजेत.

मंडळाच्या सभासदांनी आपापल्या वस्तीत किमान पाच घरी जाऊन कागदांची पिशवी लावून द्यावी व औषधांची यादी लिहून द्यावी. उद्या रुग्णालयात कितीही चांगला संगणक आला, तरी त्याला लागणारी खरी माहिती आपल्या घरातूनच जाणार आहे.